दोन मते, एकच सत्ता

जबलपूरच्या मतदाराने ६ जुलै २०२२ रोजी एकाच वेळी दोन मते दिली. एक शहराच्या महापौरासाठी, दुसरे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकासाठी. १७ जुलैला मतमोजणी झाली तेव्हा या दोन मतांची उत्तरे वेगवेगळी निघाली. महापौरपदी काँग्रेसचे जगतबहादूर सिंह ‘अन्नू’ निवडून आले. भारतीय जनता पक्षाचे उमेदवार, अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. जितेंद्र जामदार यांचा त्यांनी ४४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. सभागृहात मात्र ७९ पैकी ४४ जागा भाजपने जिंकल्या. काँग्रेसच्या वाट्याला २६, एमआयएमला दोन आणि अपक्षांना सात जागा आल्या. महापौर एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्या पक्षाचे, असा हा कौल होता.

तो दीड वर्षाहून थोडाच अधिक काळ टिकला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीचे वारे वाहू लागले असताना, महापौरांनी भोपाळ येथे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या उपस्थितीत भाजपमध्ये प्रवेश केला. शहर काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविलेला नेता विरोधी पक्षात गेला, एवढाच या घटनेचा अर्थ असता तर ती पक्षांतराच्या दीर्घ यादीतील आणखी एक नोंद ठरली असती. परंतु येथे केवळ व्यक्तीने पक्ष बदलला नाही. शहराच्या कारभाराची जी रचना मतदारांनी घडविली होती तीच बदलली. काल सत्ताधारी असलेले काँग्रेसचे नगरसेवक विरोधी बाकांवर गेले आणि काल विरोधात असलेला बहुमताचा पक्ष सत्ताधारी झाला. यासाठी जबलपूरच्या एकाही मतदाराला पुन्हा मतदान केंद्रापर्यंत जावे लागले नाही. यात कायद्याचा भंगही कोठे झाला नाही, आणि कळीचा मुद्दा नेमका हाच आहे.

मिश्र कौलाचा अर्थ

मध्य प्रदेशातील महानगरपालिकांची रचना महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेल्या रचनेपेक्षा वेगळी आहे. महाराष्ट्रात महापौराची निवड नगरसेवक करतात आणि कार्यकारी अधिकार प्रामुख्याने आयुक्तांच्या हाती असतात. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवितो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून मिरवतो; पण त्याच्या सहीने फारसे काही हलत नाही. मध्य प्रदेशात महापौर थेट जनतेतून निवडला जातो. निवडून आलेल्या नगरसेवकांतून तो आपली ‘महापौर परिषद’ नेमतो आणि ही परिषद शहराच्या छोट्या मंत्रिमंडळासारखे काम करते. सभागृहाचे अध्यक्षपद त्याच्याकडे नसते. त्यासाठी नगरसेवक स्वतंत्र अध्यक्ष निवडतात. म्हणजेच कार्यकारी सत्ता आणि सभागृह यांच्यात एक स्पष्ट भिंत आहे. राज्य विधिमंडळाच्या पातळीवर आपल्याकडे अशी भिंत नाही. ती अध्यक्षीय पद्धतीच्या जवळ जाणारी आहे.

अशा रचनेत महापौर एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्या पक्षाचे असणे हा अपघात मानण्याचे कारण नाही. महापौराची परिषद खर्चाचा प्रस्ताव मांडणार आणि सभागृह तो तपासणार, असा त्याचा सरळ अर्थ होतो. जबलपूरमध्ये २०२२ नंतर नेमके हेच घडले. काँग्रेसच्या महापौरांनी आपली परिषद बनविली आणि सभागृहाचे अध्यक्षपद भाजपकडे गेले. या व्यवस्थेत कुरबुरी, आरोप-प्रत्यारोप आणि सभात्याग अटळ असतात. पण २६ नगरसेवकांच्या बळावर अंदाजपत्रक संमत करून घ्यायचे असेल तर ४४ जणांशी बोलावे लागते, हा या व्यवस्थेचा दोष नसून तिचे प्रयोजन आहे.

प्रत्येक मतदाराने जाणूनबुजून दोन पक्षांना दोन मते दिली, असा दावा करता येणार नाही. प्रभागात सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होतो आणि अपक्षांमुळे मते विभागली जातात. त्यामुळे जागांचे चित्र मतांच्या चित्राहून निराळे असू शकते. परंतु महापौरपदाच्या लढतीतील ४४ हजारांचा फरक आणि सभागृहातील भाजपचे स्वच्छ बहुमत एकत्र वाचले, तर शहराने दोन पदांसाठी दोन वेगळे निकष लावले, एवढे निश्चित म्हणता येते. २००४ मध्ये सुशीला सिंह, २००९ मध्ये प्रभात साहू आणि २०१५ मध्ये डॉ. स्वाती गोडबोले असे सलग तीन महापौर भाजपने या शहरातून निवडून आणले होते. त्यातील गोडबोले आणि २०२२ मधील उमेदवार जामदार ही दोन्ही नावे जबलपूरच्या मराठी समाजातील आहेत. हिंदीभाषक बहुसंख्येच्या शहरात ही उमेदवारी मराठी मतांच्या संख्येवर नव्हे, तर पक्षाच्या चिन्हावर आणि व्यक्तीच्या स्थानिक ओळखीवर उभी होती. त्याच मतदाराने एकदा तिला साथ दिली आणि पुढच्या वेळी नाकारली. स्थानिक निवडणुकीतील मतदार किती चिकित्सक असू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

कायदा बदलणाऱ्यांचा अंदाज

या निकालामागे आणखी एक उपरोध दडलेला आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात महापौरांची थेट निवडणूक सुरू झाली आणि १९९९ मध्ये जबलपूरने काँग्रेसच्या विश्वनाथ दुबे यांना निवडून दिले. पुढे मात्र ही पद्धत भाजपच्या पथ्यावर पडू लागली. २०१४-१५ च्या निवडणुकांत राज्यातील सर्व १६ महानगरपालिकांची महापौरपदे भाजपने जिंकली. त्यामुळे २०१८ मध्ये सत्तेवर आलेल्या कमलनाथ सरकारने २०१९ मध्ये अध्यादेश काढून महापौरांची निवड नगरसेवकांकडे सोपविली. तत्कालीन राज्यपाल लालजी टंडन यांनी हा अध्यादेश काही दिवस विचारासाठी ठेवून मगच संमत केला. मार्च २०२० मध्ये सत्तांतर झाले. शिवराजसिंह चौहान यांच्या सरकारने हा बदल फिरविला आणि मे २०२२ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर अंतिम स्वरूप ठरले. महापौर थेट जनतेतून, तर नगरपालिका आणि नगर परिषदांचे अध्यक्ष नगरसेवकांतून निवडायचे, असे ते स्वरूप होते.

काँग्रेसने आणलेली अप्रत्यक्ष पद्धत कायम राहिली असती, तर ४४ नगरसेवकांच्या बळावर जबलपूरचे महापौरपद पहिल्याच दिवशी भाजपकडे गेले असते. भाजपने पुन्हा आणलेल्या थेट पद्धतीमुळे ते काँग्रेसला मिळाले. दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीसाठी कायदा वळविला आणि जबलपूरच्या मतदाराने दोघांचेही अंदाज चुकविले. राज्यभरातही चित्र २०१५ सारखे एकतर्फी राहिले नाही. १६ महापौरपदांपैकी भाजपला नऊ, काँग्रेसला पाच, तर आम आदमी पक्षाला सिंगरौलीत आणि अपक्षाला कटनीत प्रत्येकी एक पद मिळाले.

काँग्रेसच्या या पाच महापौरांपैकी जबलपूर, छिंदवाडा आणि मुरैना येथील तिघांनी २०२४ मध्ये भाजपची वाट धरली. थेट निवडणुकीने जे मतदाराच्या हाती दिले होते, ते पक्षांतराने काढून घेतले. जबलपूरमध्ये तर २०१९ च्या अप्रत्यक्ष पद्धतीने जे झाले असते, तेच २०२४ मध्ये पक्षांतराच्या मार्गाने झाले. पद्धत कोणतीही असो, बहुमत आणि महापौरपद एकाच घरात नांदू लागले. मग थेट निवडणुकीसाठी मांडलेल्या दुसऱ्या मतपत्रिकेला अर्थ तो काय उरला?

भाजपच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. नोव्हेंबर २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत जबलपूर जिल्ह्यातील आठपैकी सात जागा भाजपने जिंकल्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाचे उमेदवार आशीष दुबे चार लाख ८० हजारांहून अधिक मतांच्या फरकाने विजयी झाले. जनमतच फिरले होते आणि महापौरांनी केवळ त्याची दिशा ओळखली, असे म्हणता येईल. त्यातच राज्यात आणि केंद्रात एकच पक्ष सत्तेवर असताना शहरानेही त्याच रांगेत राहावे, यातच विकासाचे हित आहे, हा युक्तिवाद भारतातील प्रत्येक स्थानिक पक्षांतराच्या मदतीला येतो. पण या युक्तिवादात एक मोठी फट आहे. विधानसभेला एका पक्षाला आणि महापालिकेला दुसऱ्या पक्षाला मत देण्याचा हक्क मतदाराला आहे, या गृहीतकावरच स्वतंत्र स्थानिक निवडणूक उभी आहे. विधानसभेचा निकाल महापालिकेलाही लागू करायचा असेल, तर महापालिकेसाठी वेगळे मतदान घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. आणि जनमत फिरल्याची खात्रीच होती, तर राजीनामा देऊन नव्या चिन्हावर मतदारांना सामोरे जाण्यात धोका कोणता होता?

परतीची वाट कोणाच्या हाती?

कायदा या प्रश्नावर मौन बाळगतो. पक्षांतरबंदीची तरतूद १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहाव्या परिशिष्टात आली. परंतु ती संसद आणि राज्य विधिमंडळांपुरतीच आहे. नगरसेवक आणि महापौर तिच्या कक्षेत येत नाहीत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला, पण सदस्यांच्या अपात्रतेचा विषय अनुच्छेद २४३-व अन्वये मुख्यतः राज्याच्या कायद्यावर सोपविला. मध्य प्रदेशात महापालिकेच्या निवडणुका पक्षचिन्हांवर लढविल्या जातात, मात्र ते चिन्ह सोडणाऱ्याला पद सोडावे लागत नाही.

याच राज्याने मतदाराला एक असाधारण हक्क मात्र दिला आहे. थेट निवडून आलेल्या महापौराला किंवा अध्यक्षाला मुदतीपूर्वी परत बोलावण्याची तरतूद मध्य प्रदेशच्या नगरपालिका कायद्यांत आहे. २००१ मध्ये तत्कालीन शहडोल जिल्ह्यातील अनूपपूर येथे नगरपालिका अध्यक्षांना या तरतुदीनुसार मतदारांनी पदावरून दूर केले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. पुढे अशा मतदानात ‘भरी कुर्सी’ आणि ‘खाली कुर्सी’ ही दोन चिन्हे रूढ झाली. अध्यक्ष हवा असेल तर भरलेल्या खुर्चीवर, नको असेल तर रिकाम्या खुर्चीवर शिक्का. लोकशाहीच्या एका गुंतागुंतीच्या तत्त्वाचे इतके सोपे भाषांतर क्वचितच झाले असेल.

परंतु या हक्काची किल्ली मतदाराकडे नाही. प्रक्रिया सुरू होण्यासाठी निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी तीन-चतुर्थांश जणांच्या सह्यांचा प्रस्ताव लागतो. जबलपूरच्या ७९ जणांच्या सभागृहात याचा अर्थ किमान ६० सह्या असा होतो. काँग्रेसचा महापौर असताना भाजपच्या ४४ जणांनी सर्व अपक्षांना आणि एमआयएमच्या दोघांना सोबत घेतले असते, तरी बेरीज ५३ वर थांबली असती. आता महापौर बहुमताच्याच पक्षात असल्याने विरोधकांच्या २६ सह्यांना या गणितात काहीच स्थान नाही. ज्या मतदाराची फसगत झाल्याची तक्रार आहे, तो हजारोंच्या संख्येने सह्या गोळा करू शकेल. पण त्या सह्या घेणारी खिडकीच कायद्यात नाही.

ही तरतूद अशी कठोर ठेवण्यामागे कारण आहे. पराभूत उमेदवाराने दुसऱ्याच दिवसापासून सह्यांची मोहीम उघडू नये आणि शहर कायम निवडणुकीच्या छायेत राहू नये, ही भीती निराधार नाही. तथापि या कठोरतेचा परिणाम असा झाला आहे की, परत बोलावण्याचा हक्क प्रत्यक्षात मतदारांचा न राहता सभागृहातील गटांचा झाला आहे. नगरसेवक आणि अध्यक्ष यांच्यात बिनसले की रिकाम्या खुर्चीची आठवण होते, आणि त्यांचे जुळले की मतदाराचे काहीही बिघडले तरी ती अडगळीत पडते. २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने नगरपालिका आणि नगर परिषदांच्या अध्यक्षांचीही २०२७ पासून थेट निवडणूक घेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे जबलपूरमध्ये उद्भवलेला प्रश्न राज्यातील लहानमोठ्या गावांच्याही दाराशी येणार आहे.

महाराष्ट्राच्या आरशात

या प्रश्नाकडे महाराष्ट्राने दुरून पाहण्याचे कारण नाही. नागपूर आणि जबलपूर ही एकेकाळी एकाच प्रांतातील दोन शहरे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४८ च्या स्वतंत्र कायद्यांद्वारे या दोन्ही शहरांना महानगरपालिकेचा दर्जा दिला. त्याही आधी, १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाची ठिणगी जबलपूरच्या नगरपालिकेच्या टाऊन हॉलवर पडली आणि तिचा वणवा नागपुरात पेटला. नगरपालिकेच्या इमारतीवर कोणाचा ध्वज असावा हे तेथील लोकप्रतिनिधींनी ठरवायचे की सरकारने, हा तेव्हाचा वाद होता. स्थानिक संस्था कोणाच्या वतीने बोलते, हा प्रश्न दोन्ही शहरांना तेव्हापासून ठाऊक आहे.

पक्षांतराच्या बाबतीत महाराष्ट्र कायद्याने पुढे आहे. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा दहाव्या परिशिष्टाच्या पाठोपाठ आलेला कायदा नगरसेवकांना आणि जिल्हा परिषद सदस्यांना लागू होतो. निवडणुकीनंतर गटनोंदणीसाठी जी धावपळ दिसते, ती याच कायद्यामुळे. पण कायदा असूनही वाटा निघतात. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर अंबरनाथ नगरपालिकेत याचे दर्शन घडले. तेथे थेट निवडणुकीत नगराध्यक्षपद भाजपला मिळाले. सभागृहात सर्वांत मोठा पक्ष शिंदे यांची शिवसेना ठरला. बहुमताच्या जुळवाजुळवीत काँग्रेसचे १२ नगरसेवक भाजपसोबत गेले. काँग्रेसने त्यांना निलंबित केले, तेव्हा ते भाजपमध्येच दाखल झाले. एकट्याने गेले तर पक्षांतर आणि सर्वांनी मिळून गेले तर राजकीय निर्णय, असा व्यवहार आता रूढ झाला आहे.

नगराध्यक्षाच्या निवडीबाबतही महाराष्ट्राचा इतिहास मध्य प्रदेशाहून वेगळा नाही. विलासराव देशमुख यांच्या सरकारने आणलेली थेट निवड पुढे रद्द झाली. फडणवीस सरकारने ती २०१६ मध्ये परत आणली, महाविकास आघाडीने पुन्हा रद्द केली आणि २०२२ मधील सत्तांतरानंतर ती पुन्हा लागू झाली. प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचे दिले गेले आणि हिशेब जागांचा मांडला गेला.

या सगळ्याच्या तळाशी आणखी एक समान अनुभव आहे, तो निवडणुकाच न होण्याचा. जबलपूरच्या मागील सभागृहाची मुदत २०२० च्या आरंभी संपली. त्यानंतर सुमारे अडीच वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १० मे २०२२ रोजी न्यायालयाने त्या आरक्षणाविना निवडणुका घेण्यास सांगितले आणि राज्याने सुधारित अहवाल सादर केल्यावर १८ मे रोजी ५० टक्क्यांच्या मर्यादेत आरक्षणास मुभा दिली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटना स्पष्ट शब्दांत सांगते. ज्या मतदाराला निवडण्याची संधी वर्षानुवर्षे मिळत नाही आणि मिळाल्यावर निवडलेलेही टिकत नाही, त्याच्या प्रतिनिधित्वाला नेमके काय म्हणायचे?

पुढची मतपत्रिका

उपाय नाहीत असे नाही. अनुच्छेद २४३-व मध्ये राज्यांना मोकळीक आहे. मध्य प्रदेशचे विधिमंडळ उद्या पक्षांतरबंदीचा कायदा करू शकते. मात्र संसद आणि विधिमंडळांतील या कायद्याचे अनुभव पाहता, केवळ अपात्रतेची टांगती तलवार पुरेशी नाही. निर्णय देणाऱ्याने तो लांबविला की मुदत संपते आणि प्रकरण आपोआप निकाली निघते. थेट निवडून आलेल्या पदासाठी अधिक साधा नियम सुचविता येतो. ज्या चिन्हावर पद मिळाले ते चिन्ह सोडायचे असेल, तर पदही सोडावे आणि पुन्हा मतदारांसमोर यावे. नगरसेवकाला सभागृहात मतभेद व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे. परंतु संपूर्ण शहराने निवडलेल्या एकाच व्यक्तीच्या पक्षबदलाने सत्तेची रचनाच उलटते, म्हणून त्या पदाला वेगळा न्याय लावणे तर्काला धरून आहे.

दुसरा बदल रिकाम्या खुर्चीचा. परत बोलावण्याचा प्रस्ताव नगरसेवकांप्रमाणेच ठरावीक प्रमाणातील मतदारांच्या पडताळलेल्या सह्यांनीही मांडता यावा, ही सुधारणा करणे अवघड नाही. त्यासाठी प्रमाण मोठे ठेवावे, कालमर्यादा घालावी, पाच वर्षांत एकदाच ही संधी द्यावी. पण किल्ली निदान मतदाराच्या खिशात असावी. असे केल्यास प्रत्यक्षात फार थोडे महापौर परत बोलावले जातील. मात्र पक्ष बदलण्यापूर्वी प्रत्येकाला भोपाळइतकाच आपल्या शहराचाही विचार करावा लागेल.

२०११ च्या जनगणनेनुसार जबलपूर महापालिकेची लोकसंख्या साडेदहा लाखांवर होती आणि नगरसेवक ७९. सरासरी १३ हजारांहून काही अधिक नागरिकांमागे एक. जबलपूरचा एकुलता एक खासदार किंवा आठ आमदार जेथे पोहोचत नाहीत, त्या गल्लीपर्यंत जाणारे हे प्रतिनिधित्व आहे. नळाला पाणी, नाल्याची सफाई, घरपट्टीचा दर हे विषय याच पातळीवर ठरतात आणि मत दिल्याचा परिणाम मतदाराला डोळ्यांनी दिसतो तोही येथेच. म्हणून येथील विश्वासभंग दिल्लीतील विश्वासभंगापेक्षा लहान मानता येत नाही.

जबलपूरमध्ये पुढील निवडणूक २०२७ मध्ये अपेक्षित आहे. तेव्हाही मतदारासमोर दोन मतपत्रिका असतील, दोन यंत्रांवर दोन बटणे दाबली जातील आणि दोन निकाल जाहीर होतील. त्यांपैकी महापौराचा निकाल पाच वर्षे टिकेल याची हमी देणारे एकही कलम आज अस्तित्वात नाही. ते कलम लिहिण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्या दोन्ही मोठ्या पक्षांना हे मौन कधी ना कधी उपयोगी पडले आहे. त्यामुळे हा प्रश्न सभागृहातून येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दारातच विचारावा लागेल.